रिकामं घर, आसरा आणि दर महिन्याचा खर्च

आज आम्ही तुम्हाला इतिहास सांगणार आहोत, पण राजेमहाराजांचा नाही. रिकाम्या पडलेल्या घरांचा. कुणाच्या तरी ओस पडलेल्या जागेत अडचणीतल्या माणसांना आसरा कसा मिळाला, त्यासाठी पैसा कुठून आला आणि पैशाची वाट अडली तेव्हा काय झालं, ते आज बघू. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बायकांना हा इतिहास लवकर कळेल, कारण फिरून फिरून गोष्ट येते ती महिन्याच्या खर्चावरच.

सुरुवात जवळच्या गावापासून करू. उल्हासनगर म्हटलं की आपल्याला जीन्सचे कारखाने आठवतात, फर्निचरचा बाजार आठवतो. लग्नाच्या खरेदीला आपल्यातल्या कितीजणी तिथं जाऊन आल्या असतील. पण १९४७ साली उल्हासनगर नावाचं गावच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी बांधली होती. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. बराक म्हणजे मधे लांबलचक हॉल आणि टोकांना खोल्या. १९४५ साली युद्ध संपलं, सैन्य निघून गेलं आणि बराकी रिकाम्या झाल्या.

मग फाळणी झाली. सिंधमधली हिंदू कुटुंबं घरदार मागे टाकून आली. बरीच माणसं कराचीहून बोटीनं मुंबईला उतरली. एवढ्या माणसांना ठेवायचं कुठं? सरकारनं या रिकाम्या बराकी उघडल्या. जवळजवळ एक लाख माणसं कल्याणच्या छावणीत आली. जे हॉल सैनिकांच्या खाटांसाठी बांधले होते, त्यात कुटुंबामागून कुटुंब राहायला लागलं. मधे कापडाचे आडोसे करून एकेकाची जागा ठरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. तात्पुरत्या छावणीचं शहर झालं.

यातली एक बाब आपण लक्षात ठेवायची. बराकी उघडून दिल्यानं डोक्यावर छप्पर आलं. पण त्या छपराखाली माणसं टिकली ती पुढच्या सोयीमुळे. आधी शिधा मिळाला. मग १९५४ साली विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. मागे सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात भरपाई मिळण्याची आणि सरकारी घरं नावावर होण्याची वाट त्यातून निघाली. आणि बायकांनी घरी पापड लाटून, लोणची घालून, शिवणकाम करून संसाराला हातभार लावला, तो वेगळाच. म्हणजे रिकामी जागा ही पहिली पायरी. शिधा, काम आणि नावावरचा कागद या त्याच्या पुढच्या पायऱ्या. पहिली पायरी बांधून बाकीच्या बांधल्याच नाहीत, तर माणूस तिथंच अडकून राहतो.

आता विचार करा. एक लाख माणसं एकदम आली की ती सरकारच्या डोळ्यांत भरतात. त्यांच्यासाठी छावणी उघडते, अधिकारी नेमले जातात, कायदा होतो. पण नवऱ्यानं मारून रात्री अकरा वाजता बाहेर काढलेली बाई एकटी असते. कडेवर लेकरू, हातात पिशवी. तिची मोजदाद कुठल्या यादीत होत नाही. तिच्यासाठी रिकामं घर कोण उघडणार?

आपल्याकडे याचं एक मोठं उत्तर फार लवकर मिळालं होतं. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेही स्वतःच्या घरात. फसवल्या गेलेल्या विधवा बायकांनी इथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, अशी ती सोय होती. सरकारी अनुदान नव्हतं, देणगीदारांची रांग नव्हती. घर त्यांचं, कष्ट त्यांचे, बाळंतपणं सावित्रीबाईंनी काढलेली. असं करणारं जोडपं पिढीत एखादं निघतं. आम्हाला सांगायचा आहे तो पुढचा भाग. एखाद्या थोर माणसाच्या पदरावर विसंबून न राहता साध्या बायकांनी मिळून असं घर चालवायचं ठरवलं, तर काय काय करावं लागतं? हे समजायला आपण थोडं लांब जाऊ, आधी लंडनला आणि मग ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला. लांबच्या बायका असल्या तरी त्यांच्या अडचणी आपल्याच वाटतील.

लंडनच्या पश्चिमेला चिझिक नावाचा भाग आहे. १९७१ साली तिथं एरिन पिझी आणि त्यांच्या मैत्रिणींना हाउन्सलो नगरपालिकेकडून एक लहानसं जुनं घर मिळालं. कल्पना साधी होती. आजूबाजूच्या बायकांनी दुपारी मुलांना घेऊन यावं, चहा प्यावा, बोलावं. आपल्या गटाच्या बैठकीसारखंच. पण तिथं बायका यायला लागल्या त्या अंगावरचे वळ घेऊन, आणि संध्याकाळ झाली तरी घरी जायला तयार होईनात. बैठकीच्या खोलीत गाद्या पडल्या. अशा रीतीनं ते घर मार खाल्लेल्या बायकांचं आश्रयस्थान झालं.

दार कुणालाच बंद करायचं नाही, असा तिथला नियम होता. काही वर्षांत त्यांना त्याच भागात एक मोठं घर मिळालं. तेही भरून वाहू लागलं. नगरपालिकेनं त्या घरासाठी ३६ माणसांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त बायका-मुलं तिथं राहत होती. ज्या नगरपालिकेनं पहिलं घर दिलं होतं, तीच आता गर्दीबद्दल कोर्टात गेली. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत पोहोचला आणि निकाल घराच्या विरोधात गेला. मधल्या काळात, १९७५ साली, या बायकांनी रिचमंड भागातलं बंद पडलेलं एक हॉटेल ताब्यात घेतलं आणि तिथं मुक्काम केला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीनं शिफारस केली की दर दहा हजार लोकसंख्येमागे एका कुटुंबाला राहता येईल एवढी आश्रयाची जागा असावी. पहा मैत्रिणींनो, चार वर्षांपूर्वी ज्या प्रश्नाचं नावही कुणी घेत नव्हतं, त्याचं आता मोजमाप ठरायला लागलं.

आता सिडनी. तिथं ग्लीब नावाची जुनी वस्ती आहे. इंग्रजीत ग्लीब म्हणजे चर्चच्या खर्चासाठी लावून दिलेली जमीन. आपल्याकडे देवस्थान इनाम असते ना, तसंच. १७९० साली गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी तिथली ४०० एकर जमीन पाद्री रिचर्ड जॉन्सन यांच्याकडे दिली, त्यावरून नाव पडलं. पुढे त्या जमिनीवर एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यात कष्टकरी भाडेकरू राहायला लागले. १९७० च्या सुमाराला ही चर्चच्या मालकीची घरं जुनी झाली होती, दुरुस्ती होत नव्हती, वस्तीतून मोठा रस्ता नेण्याचा बेत चालला होता. काही घरं नुसती बंद पडून होती.

त्या काळी तिथल्या बाईची स्थिती काय होती? देश श्रीमंत, पण कायद्यानं घटस्फोट हवा असेल तर सहसा नवऱ्याचा दोष कोर्टात सिद्ध करावा लागे. एकट्या आईसाठी केंद्र सरकारचा भत्ता १९७३ साली सुरू झाला होता, पण तो नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर सहा महिन्यांनी मिळे. आता सहा महिने तिनं कुठं काढायचे? माहेरी जावं तर माहेरचे परत पाठवणार. पोलिसांकडे जावं तर ते म्हणणार, हा तुमचा घरगुती मामला. ऐकल्यासारखं वाटतं ना?

१९७४ च्या मार्चमध्ये सिडनीत बायकांची मोठी सभा झाली. विषय होता बायकांवरची हिंसा. एकेकीनं उभं राहून स्वतःवर बेतलेलं सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ठरवलं की आता ठराव पुरे झाले, जागा हवी. ॲन समर्स नावाची विद्यापीठात शिकणारी तरुणी त्यात पुढे होती. बेसी गथ्री होत्या, सत्तरीला टेकलेल्या. या बेसीबाई ग्लीबमध्येच राहत. सुधारगृहांतल्या मुलींचा छळ थांबावा म्हणून त्या कित्येक वर्षं झगडत होत्या आणि पळून आलेल्या मुलींना स्वतःच्या घरात आसरा देत होत्या. शनिवार, १६ मार्च १९७४ रोजी या बायका खराटे, फावडी घेऊन वेस्टमोरलँड स्ट्रीटवर गेल्या. ७३ आणि ७५ क्रमांकाची शेजारशेजारची दोन घरं रिकामी होती. त्या आत शिरल्या, कुलपं बदलली, झाडलोट केली आणि जाहीर केलं की हे घर आता बायकांसाठी खुलं आहे. एका घरावर जुनं नाव होतं एल्सी, दुसऱ्यावर मिनी. तेच नाव राहिलं. त्या आसऱ्याला सगळे एल्सी म्हणू लागले.

कुणाचं कुलूप तोडून आत शिरणं कायद्यात बसत नाही, हे त्यांनाही कळत होतं, आपल्यालाही कळतं. आम्ही ते तसंच करा असं मुळीच सांगत नाही. पण अशा बायकांना कुणी खोली देत नव्हतं आणि बंद घराला मात्र कुणी हात लावत नव्हतं, त्या पार्श्वभूमीवर हे झालं. बातमी पेपरात आली आणि बायका यायला लागल्या. नवऱ्याच्या भीतीनं आलेल्या, मुलांना घेऊन आलेल्या, नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या.

इथून पुढची गोष्ट सभेतल्या भाषणांत येत नाही, पण आमच्या दृष्टीनं खरी गोष्ट इथून सुरू होते. घर तर मिळालं, तेही फुकट. पण सकाळी मुलांना दूध लागतं. गाद्या लागतात, साबण लागतो, दिव्याचं बिल येतं, फोनचं येतं. रात्री कुणी दारावर लाथा मारल्या तर आत जागी असलेली दोन माणसं लागतात. स्वयंसेविकांनी पाळ्या लावल्या. लोकांनी कपडे दिले, अन्न दिलं, वर्गणी दिली. पण बातमी शिळी झाली की वर्गणी आटते. पैशाची ओढाताण इतकी झाली की ॲन समर्स यांनी पुढे १९९९ साली आपल्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं, की एल्सीचा खर्च भागवायला आपण गांजासुद्धा विकला होता. हे आम्ही कौतुकानं सांगत नाही. पगाराची आणि खर्चाची सोय न लावता नुसतं घर चालवायला घेतलं, तर चांगल्या कामातली माणसं कुठवर जातात, हे कळावं म्हणून सांगतो.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली घराच्या मालकीची. तेव्हा ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम यांचं सरकार होतं. नगरविकासाचे मंत्री टॉम युरेन यांनी ग्लीबमधली चर्चची वसाहत पाडू न देता १९७४ साली सरकारतर्फे विकत घेतली. सातशेच्या आसपास घरं होती. जुनी घरं दुरुस्त करून तिथल्याच गरीब भाडेकरूंना राहू द्यायची, असा तो विचार होता. त्यामुळे रिकाम्या घराचा मालक आता सरकार झालं, आणि सरकारशी बोलणी करता येतात.

दुसरी गोष्ट चालू खर्चाची. एल्सीच्या बायकांनी मंत्र्यांकडे, खात्यांकडे खेटे घातले. कुठल्या खात्याचा हा विषय, इथूनच वाद. घरबांधणीचा म्हणावा तर हे घर नव्हे, आसरा. समाजकल्याणाचा म्हणावा तर त्यात बसणारी योजना नाही. शेवटी आरोग्य खात्याच्या योजनेतून वाट निघाली. जानेवारी १९७५ मध्ये एल्सीला केंद्र सरकारचं २४,२५० डॉलरचं अनुदान मिळालं. दार उघडल्यापासून दहा महिन्यांनी. तोपर्यंत ऑस्ट्रेलियात इतर ठिकाणीही बायकांनी अशी घरं सुरू केली होती. जून १९७५ पर्यंत ११ आश्रयस्थानांना केंद्राचा पैसा मिळू लागला. एका रिकाम्या घरापासून निघालेली वाट सव्वा वर्षात सरकारच्या खर्चाच्या खात्यापर्यंत गेली.

पण गोष्ट इथं संपली असती तर आम्ही आज एवढा वेळ घेतला नसता. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी व्हिटलम सरकार बडतर्फ झालं. नवं सरकार आलं. पैसा बंद झाला नाही, पण केंद्राचा वाटा कमी होत गेला आणि भार राज्यांवर सरकला. १९८१ साली हा पैसा वेगळा न देता राज्यांच्या एकत्रित आरोग्य अनुदानात मिसळला. म्हणजे कसं, की आपल्या घरात किराण्याचे पैसे वेगळ्या डब्यात असतात तोवर किराणा येतो. सगळे पैसे एका पाकिटात गेले की पहिली काटछाट किराण्यात होते. काही राज्यांनी मदत चालू ठेवली, काहींनी हात आखडता घेतला. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली सरकार बदलल्यावर बायकांच्या तातडीच्या आसऱ्यासाठी पुन्हा वेगळी योजना आली, आणि १९८५ पासून केंद्र आणि राज्य मिळून बेघरांच्या निवाऱ्याचा खर्च उचलतील अशी देशभराची व्यवस्था लागली. एल्सी पुढे त्याच भागातल्या दुसऱ्या जागेत गेलं आणि चालत राहिलं.

अनुदानाबरोबर अटीही आल्या. महिन्याचा अहवाल, किती बायका आल्या त्याचे तक्ते, कोण कर्मचारी, किती पगार, किती दिवस मुक्काम. सुरुवातीला एल्सीत सगळ्या मिळून निर्णय घेत, मोठी-छोटी कुणी नव्हती. अनुदानाच्या कागदावर मात्र जबाबदार व्यक्ती म्हणून एकीचं नाव लागतं. यावरून आत वाद झाले. आपल्या गटांत अध्यक्ष-सचिव निवडताना होतात तसेच. शेवटी २०१४ साली न्यू साउथ वेल्स राज्यानं अशा सेवांसाठी नव्यानं निविदा मागवल्या. मोठ्या संस्थांना त्या भरणं जमलं, बायकांनी चालवलेल्या लहान आश्रयस्थानांना जड गेलं. एल्सीचा कारभार एका मोठ्या ख्रिस्ती धर्मादाय संस्थेकडे गेला. दार उघडं राहिलं, पण ज्यांनी ते उघडलं होतं त्यांच्या हातून किल्ली गेली. कुणी म्हणेल, बाईला आसरा मिळतोय ना, मग चालवणारं कुणी का असेना. हेही खोटं नाही. पण नियम कोण ठरवतं, कुणाला आत घेतात, कुणाला नाही म्हणतात, हे किल्लीवरच ठरतं.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडे अडचणीतल्या बायकांसाठी अल्पमुदती निवासगृहांची योजना केंद्र सरकारनं १९६९ सालीच सुरू केली होती, म्हणजे चिझिकच्याही आधी. २००१ च्या सुमाराला स्वाधार योजना आली. पुढे या दोन्ही मिळून स्वाधार गृह झालं. २०२२ पासून मिशन शक्तीखाली त्याचं शक्ती सदन झालं. नावं बदलली, तरी मुळात गरज तीच आहे: राहायला जागा, जेवण, कपडे, औषधपाणी, सल्ला आणि काहीतरी काम शिकण्याची सोय. शिवाय आपल्या राज्यात शासनाची महिला राज्यगृहं आहेत.

निर्भया प्रकरणानंतर २०१३ साली केंद्रानं निर्भया निधी काढला. त्यातून २०१५ पासून सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा मुक्काम एकाच छपराखाली. या योजनेत एक शहाणपणाची तरतूद होती. नवी इमारत होईपर्यंत थांबायचं नाही. रुग्णालयाच्या आवारात किंवा दोन किलोमीटरच्या आत पाच खोल्यांची सरकारी जागा असेल, तर तिथंच केंद्र सुरू करायचं. म्हणजे रिकाम्या जागेचाच उपयोग. पण तिथला मुक्काम साधारण पाच दिवसांचा. पाच दिवसांनी बाई जाणार कुठं, हा प्रश्न शक्ती सदनाच्या दारात येतो, आणि शक्ती सदन प्रत्येक तालुक्याला नाही.

आमच्या ओळखीचं एक निवारागृह आहे. नाव सांगत नाही. तिथं इमारत चांगली आहे, भिंतींना रंग आहे, दारावर पाटी आहे. एका वर्षी अनुदानाचा हप्ता लांबला. किराणा दुकानदाराची उधारी वाढत गेली, अधीक्षिकाताईंचा पगार थकला, रात्रीची रखवालदार बाई काम सोडून गेली. रखवालदार गेल्यावर रात्रीच्या वेळी नव्या बाईला आत घेणं बंद झालं. कागदावर ते निवारागृह चालूच होतं. पण ज्या वेळेला त्याची गरज पडते, त्याच वेळेला ते बंद होतं. हे पाहिल्यावर एल्सीच्या पहिल्या दहा महिन्यांची गोष्ट आम्हाला परक्या देशाची वाटेनाशी झाली.

आमच्या प्रभागातल्या ग्रामसंघाच्या बैठकीत मधूनमधून विषय निघतो, की गावात इमारती बंद पडून आहेत. पट कमी झाल्यानं बंद झालेली शाळा, जुनं समाजमंदिर, बंद सोसायटीचं गोदाम. इथं बायकांसाठी निवारा का करू नये? विचार चांगला आहे. फक्त या इतिहासानं आम्हाला काही प्रश्न आधी विचारायला शिकवलं आहे. ते तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न, जागा कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा काढा. तोंडी परवानगी सरपंच बदलला की बदलते. ग्रामसभेचा ठराव आणि लेखी करार हवा. दुसरा, दुरुस्तीचा खर्च किती आणि तो कोण देणार? पत्रे, शौचालय, पाणी, वीज, आतून लागणारी कडी, हे सगळं अंदाजपत्रकात आलं पाहिजे. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, दुरुस्ती झाल्यावर पुढचे बारा महिने खर्च कुठून? वीजबिल, धान्य, गॅस, औषधं, राहणाऱ्या ताईचा पगार, रात्रीची माणसं. अनुदान हप्त्यानं येतं आणि मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा येत नाही. पोट मात्र हप्त्याची वाट बघत नाही. म्हणून निदान काही महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय दार उघडू नये. गटाचं खेळतं भांडवल यात घालायचं नाही, हेही स्पष्ट सांगतो. तो पैसा सभासदांच्या घामाचा आहे, त्याचं काम वेगळं आहे.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा. गावातली शाळा सगळ्या गावाला माहीत असते. बाई तिथं आहे हे नवऱ्याला तासाभरात कळणार. म्हणून तिच्या स्वतःच्या गावात निवारा काढून तिचं भलं होईलच असं नाही. कधी कधी गावातल्या रिकाम्या खोलीचं काम एवढंच असावं, की ती रात्र निभावायची आणि सकाळी तिला दुसऱ्या तालुक्यातल्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवायचं. तेवढं काम ठरवून नीट केलं तरी एक जीव वाचतो. पाचवा प्रश्न, नियम कोण ठरवणार? समितीत नुसते पदाधिकारी नकोत. जी कधीतरी स्वतः पिशवी घेऊन घराबाहेर पडली होती, अशी एखादी बाईही हवी. रात्री दोन वाजता दार वाजलं तर काय लागतं, ते तिला ठाऊक असतं.

आणि हे सगळं करताना मूळ प्रश्न नजरेआड होऊ द्यायचा नाही. रिकामं घर शोधायची पाळी का येते? बाई राहत्या घरातून बाहेर पडते म्हणून. मारणारा घरात राहतो आणि मार खाणारी गावोगाव आसरा शोधते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमानुसार पीडित बाईनं मागितला तर निवारागृहानं तिला आसरा द्यायलाच हवा. पण त्याच कायद्याचं सतरावं कलम आणखी पुढे जातं. घर कुणाच्याही नावावर असो, सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कायद्याची वाट सोडून तिला बाहेर काढता येत नाही. आणि एकोणिसाव्या कलमाखाली न्यायालय मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जायला सांगू शकतं. वेस्टमोरलँड स्ट्रीटवर खराटे घेऊन गेलेल्या बायकांच्या हाती असा कायदा नव्हता. आपल्या हाती आहे. गावागावात तो किती जणींना माहीत आहे, हा वेगळा प्रश्न.

तेव्हा येत्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, की दहा मिनिटं जास्त बसा. आपल्या जिल्ह्यात शक्ती सदन कुठं आहे आणि सखी केंद्र कुठल्या रुग्णालयाजवळ आहे, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून विचारून घ्या आणि इतिवृत्तात लिहा. रात्री नव्या बाईला आत घेतात का, हेही विचारा. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो. रजिस्टरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि ज्या सभासदाला वाचता येत नाही तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या. एक, आठ, एक. तीनच आकडे आहेत.